आधी नमुना की आधी कागद? कोड लिहिण्यापूर्वी या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर करायचं काम आलं, की पहिल्या आठवड्यात हमखास तयार होतात त्या दोन गोष्टी: लॉगिन आणि रंगीत डॅशबोर्ड. शेठ खूश. पण यातून नवीन काय कळलं? लॉगिन चालतं हे आधीच माहीत होतं. जिथं शंका नाही तिथला प्रोटोटाइप (म्हणजे करून बघायचा कच्चा नमुना) करणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

आधी शंका वहीत लिहा आणि तिची जात ओळखा. काही शंका कागदावरच सुटतात. समजा तुम्ही माहिती साठवायचं टेबल, म्हणजे रकान्यांचा तक्ता, असा मांडलाय: एक आवक, एक खरेदीदार, एक दर. पण एकाच शेतकऱ्याच्या मालात लांबट हळकुंड वेगळं, गोल गट्टू वेगळा. दर वेगळे, घेणारेही वेगळे असू शकतात. हे कळायला कोडची एक ओळसुद्धा लागत नाही. दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींकडून जुन्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, मागून घ्या, त्याही ऐन हंगामातल्या, खाडाखोड झालेल्या. तुमच्या रकान्यांत त्या पेन्सिलीनं भरून बघा. जी पट्टी बसत नाही, तिथं रचनाच बदलायला हवी. हमाली-तोलाई कुठं वजा होते, आधी दिलेली उचल कुठं दिसते, हे शेठ तोंडी सांगतात त्यापेक्षा पट्टीवर जास्त खरं सापडतं. पैशांचंही तसंच. दर क्विंटलला १४,३३५ रुपये आणि वजन ४७.३५० किलो, तर रक्कम येते ६,७८७.६२२५ रुपये. प्रत्येक ढिगाची रक्कम पूर्ण रुपयात करायची की शेवटी बेरजेची? हे आज विचारा. हंगामात विचाराल, तेव्हा शेतकरी काउंटरवर उभा असेल.

काही शंका मात्र कितीही विचार केला तरी सुटत नाहीत. इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल पोर्टमधून, म्हणजे संगणकाला जोडायच्या वायरीच्या खाचेतून, वजन पाठवतो, पण प्रत्येक कंपनीच्या काट्याची पाठवायची तऱ्हा निराळी. स्वस्तातल्या बऱ्याच थर्मल प्रिंटरना देवनागरी थेट छापता येत नाही. जोडाक्षरं तुटतात, म्हणून मजकूर चित्र करून पाठवावा लागतो आणि मग छपाईचा वेग पडतो. इथं दहा मीटिंगा घेण्यापेक्षा दुकानातल्या त्याच काट्याला लॅपटॉप जोडा, पंधरा-वीस ओळींचा कच्चा प्रोग्राम चालवा, उत्तर घ्या आणि उठा.

उत्तर मिळालं की तो प्रोग्राम पुसायचा, आणि इथंच हात अडतो. चालतोय ना, मग राहू दे! त्यात ना चुका पकडायची सोय असते, ना बॅकअप. तरी तोच पुढं वाढत जातो. सॉफ्टवेअर बांधणीवर लिहिणारे अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सांगितलं होतं, की पहिली आवृत्ती फेकायचीच आहे असं धरून चला. १९९५ मध्ये त्यांनीच तो सल्ला दुरुस्त केला आणि थोडंथोडं बांधत जाण्याच्या बाजूनं कौल दिला. मला दुसरा ब्रुक्स जास्त पटतो. अख्खी सिस्टीम दोनदा लिहायला सांगलीत पैसे कोण देणार? फेकायचा तो फक्त शंकेपुरता तुकडा.

उलटी चूक कमी दिसते, पण दिसते: आकृत्या काढतच बसणं. चर्चेतून नवा प्रश्न निघायचा बंद झाला आणि तेच दोन पर्याय परत-परत येऊ लागले, की वही मिटा. त्यातला जो नंतर बदलायला सोपा, तो घ्या.

शेठना स्क्रीन दाखवायचीच असेल तर पेन्सिलीनं काढलेली दाखवा. चकचकीत स्क्रीन पाहिली की त्यांना वाटतं काम संपत आलं, आणि प्रश्न येतो, "मग सोमवारपासून चालू करूया का?" कागदावर मात्र दिवाणजी स्वतःच पेन घेऊन रकाने बदलतात.