अडुळशाच्या पानांतून व्हॅसिसीन काढायचं तर

गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आपल्याकडे अडुळसा कुंपणाला लावतात. पानांची ती कडू चव बरीचशी अल्कलॉइडांची, म्हणजे वनस्पतींतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांची, आणि त्यातलं मुख्य व्हॅसिसीन. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन पुढे याच्याच धर्तीवर तयार झालं. हे काम घरच्या ओट्यावर नको, वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या फ्यूम हूडखालीच करा.

सावलीत वाळवलेल्या पानांची 50 ग्रॅम पूड 500 मिली इथेनॉलमध्ये दोन दिवस भिजवा, गाळा, वॉटर बाथवर आटवा. उरलेला हिरवा चिकटा 100 मिली दोन टक्के सल्फ्युरिक आम्लात चांगला घोटून गाळा. अल्कलॉइड क्षार होऊन पाण्यात उतरतं, हरितद्रव्य बहुतेक गाळणीवर राहतं. गाळून आलेल्या थेंबभर पाण्यात ड्रॅगेनडॉर्फ (अल्कलॉइड ओळखायचं रसायन) घातल्यावर नारिंगी साका आला नाही तर पुढे जाऊ नका.

आता खरी गोम. हे पाणी अमोनियाने पीएच 9 पर्यंत नेऊन क्लोरोफॉर्मने अल्कलॉइड ओढून घ्यायचं असतं. आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत ‘जोरात हलवा’ असं लिहिलं होतं. मी हलवलं. सेपरेटिंग फनेलमध्ये (दोन द्रवांचे थर वेगळे करायचं, खाली कॉक असलेलं भांडं) ताक घुसळल्यासारखा फेसाळ हिरवट लगदा झाला, थर म्हणून दिसेना. कुणीतरी म्हणालं, रात्रभर ठेव, आपोआप सुटेल. सकाळी लगदा तसाच, आणि टीएलसीच्या प्लेटवर (अर्कातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी पट्टी) व्हॅसिसिनोनचा ठिपका आदल्या दिवसापेक्षा ठसठशीत. व्हॅसिसीन हवेने ऑक्सिडाइझ होऊन तेच बनतं. हा ‘ठेवून द्या’वाला सल्ला अजूनही दिला जातो, त्याचा मला राग आहे.

इमल्शन, म्हणजे तो लगदा, होऊच द्यायचं नसतं. अमोनिया घालण्याआधी आम्लाचं पाणी दोनदा पेट्रोलियम ईथरने धुवा आणि वरचा ईथरचा थर टाका. तेलकट अंश इथेच जातो. अमोनियाऐवजी कॉस्टिक सोडा अजिबात नको. उरल्यासुरल्या तेलाचा साबण होतो, शिवाय क्लोरोफॉर्मशी त्याची जोरदार प्रक्रिया होऊ शकते. फनेल हलवायचा नाही, सावकाश उलटासुलटा करायचा, वीसेक वेळा. मधेमधे नळी वर, हूडकडे धरून कॉक उघडा, दाब फुस्सकन जाऊ द्या. पहिल्याच वेळी हे विसरलात तर बूच उडून अंगावर येतं.

तरीही लगदा झालाच, तर दोन-तीन ग्रॅम मीठ घालून हलकेच फिरवा. नाहीच सुटला तर क्लोरोफॉर्मने ओलावलेल्या कापसाच्या बोळ्यातून सोडा. मी आता सरळ बोळाच वापरते.

क्लोरोफॉर्म खालचा थर. 30 मिलीचे तीन हात घ्या, 90 मिलीचा एक नव्हे. सोडियम सल्फेटवर कोरडा करून आटवा.

त्याच दिवशी सिलिका प्लेटवर टीएलसी लावा, शेजारी शुद्ध नमुना हवाच. ड्रॅगेनडॉर्फ फवारल्यावर नारिंगी ठिपका नमुन्याच्या उंचीवर आला पाहिजे. उरलेला अर्क गडद बाटलीत, तारीख घालून फ्रिजमध्ये. चाखून बघायचा मोह काहींना होतो. व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचित करतं, आणि बाटलीत क्लोरोफॉर्मही उरलेला असतो.