मुक्त सॉफ्टवेअर वापरून पाहताना या चुका टाळा

विंडोज 10 चे नियमित अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाले आणि ज्यांचे संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, अशी कोल्हापुरातील कितीतरी दुकानदार, डीटीपीवाली आणि शिकवणी घेणारी मंडळी लिनक्स (विंडोजऐवजी संगणक चालवणारी प्रणाली), लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारा संच), गिंप (फोटो-चित्रे सुधारण्याचा प्रोग्रॅम) अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या नावांची चौकशी करू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांपैकी बरेच जण दोन-चार दिवसांत ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे म्हणून माघारी फिरतात, आणि जवळ बसून पाहिले की अडचण सॉफ्टवेअरमध्ये नसून सुरुवात करण्याच्या पद्धतीत होती, असे अनेकदा आढळते.

पहिली गल्लत शब्दाची आहे. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर पैसे न देता मिळते म्हणून ते मुक्त ठरत नाही, आणि कंपनीने फुकट दिलेला प्रत्येक प्रोग्रॅमही मुक्त नसतो. अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त संगणक-प्रणाली उभारण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्या चळवळीतून पुढे आलेल्या व्याख्येनुसार सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याचा अभ्यास करून ते बदलण्याचे, दुसऱ्याला देण्याचे आणि बदललेली प्रत वाटण्याचे स्वातंत्र्य ज्यात आहे, तेच मुक्त सॉफ्टवेअर होय. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात अडकलेले हे दोन अर्थ मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे सहज वेगळे होतात, तेव्हा ते वेगळेच ठेवावेत. इन्स्टॉल करण्यापूर्वी परवाना कोणता आहे, एवढे पाहिले तरी पुरते: जीपीएल, एमआयटी, अपाचे या मुक्त परवान्यांपैकी नाव असेल तर निश्चिंत राहावे.

दुसरी चूक डाउनलोडची. सर्चमध्ये सर्वांत वर आलेली ओळ अनेकदा जाहिरात असते आणि हिरवे मोठे बटण दाबल्यावर हव्या त्या प्रोग्रॅमऐवजी भलतेच काहीतरी संगणकात शिरते. ओळखीच्या संकेतस्थळावरही हे घडू शकते. गिंपच्या मंडळींनी 2013 मध्ये सोर्सफोर्ज हे डाउनलोडचे संकेतस्थळ सोडले होते, तरी 2015 मध्ये तेथील गिंपच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींचे सॉफ्टवेअर जोडलेले आढळले आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. म्हणून प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच फाइल घ्यावी. तेथेच शेवटची आवृत्ती कधीची आहे, हेही पाहून घ्यावे. जुन्या ऐकीव नावावरून आजही अनेक जण ओपनऑफिस हा जुना ऑफिस संच उतरवून घेतात, पण त्याची 4.1 ही आवृत्ती 2014 ची असून त्यानंतर केवळ किरकोळ दुरुस्त्या झाल्या आहेत. 2010 मध्ये त्यातूनच वेगळे झालेले लिबरऑफिस मात्र सतत सुधारत आले आहे.

आता ज्या अडचणीमुळे आपल्याकडे सर्वाधिक गैरसमज होतो, तिच्याकडे वळतो. राजारामपुरीतील एका डीटीपीच्या दुकानात पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाची जुनी फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली, तेव्हा पानभर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचे कडबोळे दिसू लागले. ‘अहो, ह्यानं तर आख्खी फाइलच खराब केली,’ असे दुकानाचे मालक काका घाबरून म्हणाले. फाइल जशीच्या तशी होती. ती युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीच्या आधीच्या, फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. अशा फॉन्टमध्ये मजकूर रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांनीच साठवला जातो आणि त्या क्रमांकांवर देवनागरी आकार रेखाटलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो मजकूर उघडा पडतो, मग प्रोग्रॅम कोणताही असो.

याची खात्री करण्याची रीत सोपी आहे. फाइलमधील एखादा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तो मराठीतच दिसला तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. चिन्हे दिसली तर जुन्या फॉन्टमध्ये आहे. अशा फाइलसाठी तो फॉन्ट परवान्यानुसार नव्या संगणकावर टाकावा किंवा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत, कारण चुका नेमक्या तेथेच राहतात. नवे काम नोटो किंवा मुक्ता यांसारख्या मुक्त परवान्याच्या युनिकोड फॉन्टमध्ये करावे. आणखी एक बारकावा असा की लिबरऑफिसमध्ये इंग्रजीसाठीचा फॉन्ट आणि मराठीसाठीचा फॉन्ट वेगवेगळे ठरवलेले असतात. शैलीमध्ये इंग्रजीचा आकार 14 केला आणि मराठी अक्षरे तशीच राहिली, तर भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून त्याखालील फॉन्ट व आकार स्वतंत्रपणे बदलावा. हे एवढेसे कळले नाही म्हणून चांगला प्रोग्रॅम काढून टाकणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्याचे वाईट वाटते.

छपाईवाल्यांनी गिंपकडून फोटोशॉपची हुबेहूब नक्कल अपेक्षू नये. प्रेसला चार रंगांची फाइल द्यायची असेल तर पानाची मांडणी स्क्रायबस या पानरचनेच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये करून तेथून पीडीएफ काढणे अधिक सोयीचे पडते.

लिनक्सकडे वळताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडणे. आधी बॅकअप घ्यावा, आणि तो दुसऱ्या ठिकाणी ठेवावा. 2019 च्या महापुरात शाहूपुरीत पाणी शिरल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली ठेवण्याचा धोका वेगळा सांगायला नको. त्यानंतर पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, लिनक्स चालवून पाहावे. येथे अनेक जण लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (पूर्ण प्रणालीची एकत्रित प्रत) साध्या फाइलसारखी पेनड्राइव्हवर कॉपी करतात आणि संगणक त्यावरून सुरू होत नाही म्हणून हैराण होतात. ती फाइल रूफस किंवा एचरसारख्या साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स संथच वाटते, त्यामुळे त्याच्या वेगावरून मत बनवू नये. त्या वेळात वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, दुकानातला प्रिंटर एक पान छापतो का, हे तपासावे. काही जुन्या लेझर प्रिंटरना कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि ते आधी कळलेले बरे.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स घ्यायचे असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी, कारण बूटच्या (संगणक सुरू होण्याच्या) सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर फाइल वाचता येते पण साठवता येत नाही, असे झाले तर प्रथम विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून संगणक पूर्ण बंद करावा. त्या सोयीमुळे विंडोज अर्धवट झोपलेले असते आणि लिनक्स ड्राइव्हला धक्का लावत नाही.

वेळही पाहून निवडावी. मार्चअखेरीस हिशेबाच्या संगणकाला हात लावू नये. टॅलीचा डेस्कटॉप प्रोग्रॅम विंडोजसाठीच आहे, त्यामुळे तो संगणक तसाच ठेवून आधी विंडोजवरच लिबरऑफिस, व्हीएलसी (व्हिडिओ पाहण्यासाठी), सेव्हन-झिप (झिप फाइलसाठी) यांची सवय करावी. राजारामपुरीच्या त्या दुकानात आता दोन संगणक शेजारी-शेजारी आहेत: जुने अहवाल आणि हिशेब विंडोजवर उघडतात, नव्या पत्रिका आणि हँडबिले लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारावर तयार होतात, आणि नवी फाइल आली की काका आधी एक शब्द नोटपॅडमध्ये चिकटवून पाहतात.