मोटारीचा विमा घेताना कोणते संरक्षण कशासाठी घ्यावे

पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी बहुतेक जण हप्त्याची एकूण रक्कम पाहतात आणि पैसे भरून मोकळे होतात. त्याऐवजी त्या रकमेचा तपशील उघडून पाहावा, कारण तेथे ‘थर्ड पार्टी’ (दुसऱ्याच्या नुकसानीसाठी) आणि ‘ओन डॅमेज’ (आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी) असे दोन निरनिराळे भाग असतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याला इजा झाली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई विमा कंपनी देते आणि तिला कमाल मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र ती साडेसात लाख रुपये आहे. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी या भागातून एक रुपयाही मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेजची मुदत मात्र अनेकदा एकच वर्ष असते, त्यामुळे ‘विमा चालू आहे’ या समजुतीत तो भाग केव्हाच संपून गेलेला असतो. दोन्ही तारखा वेगवेगळ्या तपासाव्यात.

ओन डॅमेजमध्ये अपघात, चोरी, आग आणि पूर यांनी आपल्या गाडीचे झालेले नुकसान येते. गाडी चोरीला गेल्यास मिळणारी रक्कम ‘आयडीव्ही’वर, म्हणजे पॉलिसीत नोंदवलेल्या गाडीच्या किमतीवर ठरते; हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणून दिलेली पॉलिसी स्वस्त नव्हे, अपुरी असते. शिवाय दुरुस्तीच्या दाव्यात सुट्या भागांचा घसारा (वापराने घटलेली किंमत) कापला जातो. प्लास्टिकच्या भागांवर ही कपात निम्मी असल्याने दहा हजारांच्या बंपरमागे पाच हजार आपल्याच खिशातून जातात, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीच्या वजावटीचे (प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः भरायच्या ठरावीक रकमेचे) आणखी किमान एक हजार. ‘झिरो डेप’ घेतल्यास घसाऱ्याची कपात टळते, वजावट मात्र राहते. नव्या गाडीला हे पूरक संरक्षण घ्यावेच. गाडी बरीच जुनी झाली की कंपन्या ते सहसा देतही नाहीत.

मुंबई, कोकण किंवा पाणी तुंबणाऱ्या कोणत्याही भागात राहणाऱ्याने इंजिन संरक्षण या पूरक संरक्षणाचा खर्च टाळू नये. पुराचे नुकसान ओन डॅमेजमध्ये येत असले, तरी पाण्यात अडकलेली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन निकामी झाले, तर ते परिणामजन्य (थेट पुराने नव्हे, तर नंतरच्या कृतीने झालेले) नुकसान ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो. संरक्षण घेतलेले असले तरी अशा वेळी किल्ली फिरवू नये. गाडी टो करून न्यावी.

मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही सक्तीचा आहे. मात्र तेवढ्याच रकमेची स्वतंत्र पॉलिसी आधीपासून असेल, तर तो पुन्हा घेण्याची गरज नसते.

किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी ‘नो क्लेम बोनस’चा हिशोब मांडावा. दावा नसलेल्या पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेजच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि एका दाव्याने शून्यावर येऊ शकते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते, म्हणून जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेऊन ते नव्या गाडीच्या पॉलिसीला लावावे. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यासही ती बुडते.