पासबुकात अनोळखी रक्कम कापलेली दिसली तर

स्टेटमेंटमध्ये २३६ किंवा २७.१४ अशी रक्कम नावे पडलेली दिसली की आपण आधी शेजारचं वर्णन वाचायला जातो. ती तुटक अक्षरं प्रत्येक बँकेची निराळी असतात. त्यापेक्षा आकड्यापासून सुरुवात करा.

१. रकमेला १.१८ ने भागा. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. भागाकार सरळ आला, तर रक्कम बहुधा बँकेनेच कापलेली असते. २३६ चे २०० होतात. अनेकदा हे डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क असतं. १७.७० चे १५, म्हणजे बहुतेक तिमाही एसएमएस शुल्क. २९५ चे २५०, म्हणजे बहुधा खात्यात पैसे नसल्याने परत गेलेला हप्ता. वर्णनात ‘एसीएच’ (खात्यातून हप्ते आपोआप कापण्याची व्यवस्था) आणि ‘रिटर्न’ शोधा. हा दंड सगळ्यांत महागात पडतो, कारण कर्ज देणारी कंपनी आपला दंड वेगळा लावते आणि तोच हप्ता पुन्हा पाठवून तो पुन्हा परत गेला, तर बँक परत पैसे कापू शकते. काही बँका कर निराळ्या ओळीत, ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असा दाखवतात. तिथे दोन्ही ओळी मूळ रकमेत मिळवून पाहा.

२. २७.१४ दिसले तर एटीएमचे व्यवहार मोजा. मोफत मर्यादेपलीकडे दर व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये आणि वर कर, असा दर १ मे २०२५ पासून आहे. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर वडोदऱ्यात ५, पण मुंबईत ३ च, कारण रिझर्व्ह बँकेच्या सहा महानगरांत मुंबई आहे, वडोदरा नाही. (पुणेही नाही.) दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नुसती शिल्लक पाहिली तरी व्यवहार मोजला जातो. मात्र यंत्रात नोटा नव्हत्या किंवा तांत्रिक बिघाडाने व्यवहार फसला, तर तो मोजता येत नाही.

३. भागाकार जुळला नाही तर विमा आठवा. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये गेले, तर ती जीवन ज्योती विमा योजना. २० रुपये गेले, तर सुरक्षा विमा योजना. खातं उघडताना कागदांच्या गठ्ठ्यात संमतीची सही होऊन जाते. सही आठवत नसेल तर शाखेत संमतीपत्र दाखवायला सांगा. विमा नको असेल, तर मे उजाडण्याआधी लेखी अर्ज द्या.

४. दुकानाचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं असतं. ओलाच्या रिक्षाचे पैसे एएनआय टेक्नॉलॉजीजच्या नावे दिसू शकतात. एमजीव्हीसीएल या मध्य गुजरातेतल्या वीज कंपनीचं बिल ॲपवरून भरलं, तर ओळीत बिलडेस्कसारख्या मधल्या कंपनीचं नाव येऊ शकतं. यूपीआयच्या ओळीत १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो ॲपच्या इतिहासात जुळवा, पैसे कुणाला गेले ते कळेल. दर महिन्याला तीच रक्कम जात असेल तर ॲपमधलं ‘ऑटोपे’ उघडा. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही.

५. तरीही छडा लागला नाही तर आधी कार्ड किंवा यूपीआय बंद करा, तक्रार लगेच त्यानंतर. फसवणूक दिसत असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर भार येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

बँकेचं शुल्कच चुकीचं वाटत असेल, तर तोंडी विचारू नका. वडोदऱ्यात रावपुऱ्यातली शाखा असो की मांडवीतली, काउंटरवरचं तोंडी उत्तर नोंदीत राहत नाही. अर्जात तारीख, रक्कम आणि ‘शुल्कपत्रकातल्या कोणत्या बाबीखाली कापली’ एवढा प्रश्न लिहा आणि पोच घ्या. किमान शिलकीच्या दंडात दोन गोष्टी तपासा: आधी सूचना देऊन महिनाभर मुदत दिली होती का, आणि निव्वळ त्या दंडामुळे खातं उणे झालं का. तसं करायला परवानगी नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तिच्या लोकपालाकडे तक्रार करा. पोच आणि स्टेटमेंटचं ते पान जोडा. याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.