टोकन ज्याचं, बोटही त्याचंच : विद्यापीठात ई-खरेदी शिकवताना

भांडार विभागात नवा सहायक रुजू झाला की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, जेमचा पासवर्ड काय?" (जेम म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, केंद्र सरकारचं ऑनलाइन खरेदीचं पोर्टल.) मी सांगते, पासवर्ड तुझा तुला मिळेल, आधी तुझं काम कोणतं ते ठरवू. राज्य विद्यापीठात ई-खरेदीचं प्रशिक्षण लावायचं असेल तर सुरुवात इथूनच करा.

जेमवर प्राथमिक वापरकर्ता खाती उघडून देतो, स्वतः खरेदी करत नाही. ऑर्डर खरेदीदार टाकतो, माल कन्साइनी ताब्यात घेतो, देयकाचं काम लेखा विभागाकडे. सगळ्यांना एकाच सभागृहात कोंबून प्रोजेक्टरवर सगळं दाखवलं, की चहा-बिस्किटं संपतात आणि दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. भूमिकेनुसार पाच-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येकाला स्वतःच्या लॉगिनने बसवा.

कन्साइनींचा गट सर्वात आधी घ्या. हे बहुधा प्रयोगशाळा सहायक, आणि प्रशिक्षणाला नेमकं त्यांनाच कुणी बोलवत नाही. माल आल्यावर 48 तासांत पीआरसी (माल पोचल्याची तात्पुरती पावती), 10 दिवसांत तपासणी करून सीआरएसी (माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र). इथे फाईल अडली की पुरवठादार पैशासाठी वित्त व लेखा अधिकाऱ्यांच्या दारात उभा. त्यांना खोकं प्रत्यक्ष उघडायला लावा: अनुक्रमांक ऑर्डरशी जुळतो का, यंत्र चालू होतं का, सोबतचे सुटे भाग आलेत का. मगच सीआरएसी. नग नाकारायचा असेल तर कारण तिथेच नोंदवायचं, फोनवर भांडून उपयोग नाही.

महाटेंडर, म्हणजे राज्य शासनाचं ई-निविदा पोर्टल, त्याची गोष्ट वेगळी. एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या) या प्रणालीत सहीचं आणि एन्क्रिप्शनचं, अशी दोन्ही डिजिटल प्रमाणपत्रं लागतात; ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असतात आणि पिन टाकल्यावर चालतात. देकार (पुरवठादारांनी भरलेल्या बोली) उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या किल्लीनेच ते कुलूपबंद होतात. म्हणून उघडणारे चार नेमा आणि त्यांतल्या कोणत्याही दोघांनी उघडता येईल असा पर्याय निवडा. निविदा प्रसिद्ध करण्याआधी चौघांच्या प्रमाणपत्रांची मुदत तपासा. ती देकार उघडण्याच्या तारखेपलीकडे असली पाहिजे, आणि शुद्धिपत्रकाने तारीख पुढे गेली तर पुन्हा तपासायची. मध्येच नवं टोकन आलं तरी जुनं जपून ठेवा.

आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून टोकन-पिन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 नुसार ती सही साहेबांचीच. प्रशिक्षणात अधिकाऱ्यालाच खुर्चीत बसवा, पिन त्यालाच टाकू द्या. कुरकुर होते, होऊ द्या.

खरं सांगायचं तर बटणं दोन दिवसांत येतात. अवघड असतं ते तांत्रिक तपशील लिहिणं. विभागाकडून मागणीपत्र येतं: 'चांगल्या प्रतीचे मायक्रोस्कोप, 10 नग'. चांगल्या प्रतीचे म्हणजे काय? नाहीतर दुसरं टोक, एकाच कंपनीच्या माहितीपत्रकाची हुबेहूब नक्कल, आणि लगेच दुसऱ्या पुरवठादाराची हरकत. सरावाला हाच मायक्रोस्कोप द्या. 4, 10, 40 आणि 100 पटीचे ऑब्जेक्टिव्ह हवेत का, 100 पटीचा तेलात बुडवून वापरायचा का, दिवा एलईडी की हॅलोजन, हमी किती वर्षं, दुरुस्तीला माणूस जागेवर येणार का. विभागातल्या शिक्षकाला शेजारी बसवून प्रत्येक अटीला "का?" विचारा. उत्तर नसेल तर अट काढा.

खरेदीच्या मर्यादा तोंडपाठ करून घेऊ नका, त्या बदलतात. खरेदीच्या कार्यपद्धतीचा 1 डिसेंबर 2016 चा शासन निर्णय आणि त्यानंतरच्या सुधारणा एकाच फाईलमध्ये, ताजी सुधारणा सर्वात वर, एवढं पुरे. सराव मात्र डेमो साइटवरच. खऱ्या साइटवर 'चाचणी' नावाची निविदा चुकून प्रसिद्ध झाली तर खुलासा लिहीत बसाल.

एक काम बहुतेक विद्यापीठांत राहून जातं. खरेदीदाराची बदली होते, खातं तसंच चालू राहतं, आणि त्याच्या लॉगिनमधल्या प्रलंबित ऑर्डरी कुणालाच दिसत नाहीत. कार्यमुक्तीच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या नादेय प्रमाणपत्राच्या नमुन्यात एक ओळ वाढवून घ्या: 'जेम खाते हस्तांतरित केले, महाटेंडरवरील नोंद रद्द केली.' खाली भांडार अधिकाऱ्याची सही.