चिखलात शिरण्याआधी टायरची हवा काढा

शनिवारी पहाटे पुण्याच्या चांदणी चौकातून मुळशी-ताम्हिणीकडे निघालेल्या ताफ्यात एक तरी गाडी पहिल्याच चिखलात रुतते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी असूनही! कारण बहुतेकदा एकच असतं. टायरमध्ये हायवेची ३२-३३ पीएसआय हवा तशीच असते.

डांबर संपलं की थांबा आणि हवा २२-२४ पर्यंत उतरवा. टायर जमिनीवर जास्त पसरतो, पकड वाढते, शिवाय दगडांवरचे हादरेही कमी बसतात. वाळूत लोक १५-१६ पर्यंतही जातात, पण आपल्या सह्याद्रीत ते नको. काळा बसाल्ट धारदार असतो आणि फुगलेली साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, त्यावर घासली की चिरते. तिथे पंक्चरवाल्याचाही इलाज चालत नाही. आणि हवा कमी असताना स्टीअरिंग झटक्यात पूर्ण वळवू नका, टायर रिममधून सुटू शकतो.

प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत हवाच. परत डांबरावर आल्यावर आधी हवा भरा, मग चहा-भजी. कमी हवेवर वेगात पळवलं की टायर तापतो आणि फुटूही शकतो.

लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरचा कमी वेगाचा पण जास्त ताकदीचा गिअर, चढ सुरू होण्याआधीच टाका, अर्ध्या चढावर नव्हे. गाडी ओढायची वेळ आलीच तर दोर टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, कधीही अडकवू नका. तो बॉल तुटला तर गोळीसारखा उडतो. दोरावर एखादं जाड घोंगडं टाका आणि बघ्यांना लांब पिटाळा. भातखाचरांच्या बांधावर मात्र चाक घालायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच.