लाळग्रंथीचा अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा: या चुका टाळा

‘पाच वर्षं झाली, आता सुटलो.’ बऱ्याच कॅन्सरमध्ये हा दिलासा बऱ्यापैकी खरा ठरतो, पण लाळग्रंथीच्या या कॅन्सरमध्ये तो घात करतो. ही गाठ संथ वाढते, म्हणून पाच वर्षांचे आकडे चांगले दिसतात. दहा आणि पंधरा वर्षांचे आकडे मात्र खाली येत जातात. आजार दहा वर्षांनंतरही उलटतो. तो बहुधा फुफ्फुसात दिसतो, तेही सुरुवातीला खोकला किंवा दम नसताना. म्हणून तोंडाची तपासणी स्वच्छ आली तरी डॉक्टरांनी सांगितलेला छातीचा सीटी स्कॅन चुकवू नका. एकट्या पेट (PET) स्कॅनवरही विसंबू नका, कारण संथ वाढणारी छोटी गाठ त्यात निसटू शकते.

याच्या उलट चूक म्हणजे फुफ्फुसात ठिपके दिसताच आशा सोडणं, किंवा लगेच केमोचा हट्ट धरणं. असे ठिपके घेऊन अनेक रुग्ण वर्षानुवर्षं नेहमीचं आयुष्य जगतात. केमोचा परिणाम या गाठीवर मर्यादितच असतो. त्रास नसेल आणि वाढ संथ असेल, तर ठरावीक अंतराने स्कॅन करून लक्ष ठेवणं हासुद्धा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं, हे मान्य. वाढ वेगाने होऊ लागली, तर लेन्व्हॅटिनिबसारख्या, गाठीची वाढ रोखू पाहणाऱ्या गोळ्यांचा विचार होतो.

बायोप्सीच्या आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या रिपोर्टमधलं फक्त आजाराचं नाव वाचून फाईल बंद करू नका. सॉलिड भाग (जिथे पेशी भरीव पुंजक्यांत वाढतात) किती, काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का, नसेत (मज्जातंतूत) शिरकाव आहे का, हे विचारा. पुढचा अंदाज यावर बराच ठरतो. सॉलिड भाग जास्त असेल तर आजार आक्रमक असतो. सुईच्या तपासणीत हा कॅन्सर साध्या गाठीसारखा भासू शकतो, म्हणून काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर केंद्रात पुन्हा तपासून घेतलेले बरे.

चेहऱ्याला, ओठाला किंवा जिभेला बधिरपणा, मुंग्या आल्या तर दाताचं दुखणं समजून महिने घालवू नका. हा आजार नसेच्या कडेने कवटीच्या तळापर्यंत सरकतो, आणि ते पाहायला कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन केलेला) एमआरआय लागतो. ऑपरेशननंतर सांगितलेलं रेडिएशन ‘गाठ तर निघाली’ म्हणून टाळू नका.

रेडिएशनआधी दात तपासून घ्या, काढायचे असतील ते आधीच काढा. नंतर कधीही दात काढायची वेळ आली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, कारण रेडिएशन मिळालेलं जबड्याचं हाड सहज भरून येत नाही.